दादाने काढून टाकलेले रंग

"मेधा, खलास," वहिनी फोनवर म्हणाली. दुबईत, जबल अली बंदरातल्या ऑफिसात मी एका कंटेनरच्या कागदांत डोकं घालून बसले होते. हा शब्द आमच्याकडे प्लंबर नळ बसवून झाल्यावर म्हणतो, दुकानदार शटर ओढताना म्हणतो... वहिनीने तो माझ्या सख्ख्या भावासाठी वापरला, आणि त्याच सुरात. "कधी?" मी विचारलं. "सकाळी. ये सावकाश. आता घाई कसली?" मागे कपबशा विसळल्याचा आवाज येत होता.

त्याला काही आठवडे झाले. या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहायला बसले आणि दोनदा लिहिलेलं फाडलं, कारण दोन्ही वेळा त्यात कुणीतरी दुसराच प्रेमळ माणूस उतरला होता. श्रीकांतदादा प्रेमळ नव्हता. मिरजेहून तो आधी इथे आला, मग मलाही त्यानेच आणलं. दुकानांची, ऑफिसांची आतली कामं करून देणारी त्याची कंपनी शारजात जोरात चालली, दुबई मरीनात उंचावर फ्लॅट झाला. पण त्याला कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर तो कंपनीचं नाव घ्यायचा नाही. "मी फोटो काढतो," म्हणायचा. आणि ते तो खरोखरच फार चांगले काढायचा, हे मला आजही नाकारता येत नाही.

लाकूडकामाच्या एका प्रदर्शनासाठी तो पहिल्यांदा अमेरिकेला गेला आणि काम उरकल्यावर भाड्याची गाडी घेऊन पश्चिमेकडच्या मोकळ्या मुलखात शिरला. मैलोनमैल गवत, आणि मध्येच सोडून दिलेलं एखादं लाकडी चर्च, एका खोलीची शाळा, चारा आणि गुरं ठेवायचं उंच छपराचं कोठार. तिथून तो वेडा होऊनच परतला. मग दर वर्षीची सुट्टी तिकडेच जायला लागली, मिरज सुटलं. आमच्या आईला त्याने एकदा असा फोटो मोठा करून पाठवला होता. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि फोनवर विचारलं, "श्रीकांता, ही घरं कुणाची रे? माणसं कुठं गेली?" तो इतका हसला की आईने फोन माझ्या चुलतभावाकडे देऊन टाकला.

फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट. याबाबतीत त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती. "रंग म्हणजे लाच," तो म्हणायचा. "लाल कोठार दाखवलं की माणूस लाल बघतो, कोठार बघत नाही. रंग काढला की लाकडाच्या शिरा दिसतात, खिळ्यातून ओघळलेला गंज दिसतो, वाऱ्याने कुठली बाजू खाल्ली ते दिसतं." खरंच दिसायचं. त्याच्या फोटोंतल्या फळ्यांवरून हात फिरवला तर कुसळ जाईल असं वाटायचं. त्याला उलटून बोलायची ती फक्त शीलावहिनी, तेही सुरुवातीच्या वर्षांत. ती दर खेपेला त्याच्याबरोबर जायची, स्टँड उचलायची, त्याने सांगितलं की इमारतीशेजारी उभी राहायची, म्हणजे इमारत केवढी आहे ते त्याला मापता यावं. "ढग जाऊ दे," तो म्हणायचा, आणि ऊन येऊन त्याने "आता" म्हणेपर्यंत तिने हलायचं नाही. एकदा जेवताना ती म्हणाली, "पण त्या शाळेच्या भिंतीला निळा रंग होता हो. कुणीतरी दुकानात जाऊन तोच निवडला असेल, हौसेनं लावला असेल. तो का काढून टाकायचा?" दादाने घास खाली ठेवला. "कारण शीला, हौस सगळ्यांनाच असते. डोळा एखाद्यालाच असतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे ना गं?"

मरीनातल्याच एका हॉलमध्ये त्याने प्रदर्शन भरवलं तेव्हा त्या निळ्या शाळेचा फोटो मधोमध लावला होता. सगळी मराठी मंडळी आलेली, व्यापारातली, बँकांतली, हातात सरबताचे ग्लास. दादाने सगळ्यांना त्या फोटोपुढे गोळा केलं. "यात आमच्या सौभाग्यवती उभ्या आहेत. शोधून दाखवा." लोक पुढे वाकून बघू लागले. भिंत दिसत होती, पायरी, मोडका कठडा... बाई कुठेच दिसेना. कुणीतरी म्हणालं, "वहिनी आत वर्गात आहेत का?" हशा झाला. मग दादाने समजावून सांगितलं, अगदी शिक्षकासारखं. वहिनीने त्या दिवशी हळदीच्या रंगाचं स्वेटर घातलं होतं. मागे निळी भिंत. कॉम्प्युटरवर पिवळा जरा काळसर करायचा, निळा जरा उजळ करायचा, की दोन्हींचा राखाडी एकच होतो, चेहरा-केसही त्यातच मिसळून टाकायचे, आणि माणूस भिंतीत जिरून जातो. "ती होती म्हणून फोटो बिघडत होता," तो म्हणाला, "नाहीशी केली आणि झाला." टाळ्या पडल्या. वहिनी समोशांच्या टेबलाशी उभी होती. तिने टिश्यू पेपरांची चळत सरळ केली, मग पुन्हा सरळ केली.

त्यानंतर काही वर्षांनी दादाला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे, कान आणि डावा हात तेवढे शाबूत राहिले. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं. वहिनीने नर्स ठेवली नाही. सगळं स्वतः केलं, आणि इतकं चोख की त्याच्या पाठीला एक जखम झाली नाही. फक्त बेडरूममधल्या भिंतीवरचे सगळे फोटो तिने उतरवले. दादा रंग कॉम्प्युटरवर काढायचा, कॅमेऱ्यात मात्र प्रत्येक फोटो रंगीतच यायचा आणि तसाच हार्डडिस्कवर पडून राहायचा. वहिनीने ते शोधून काढले, शारजातल्या एका दुकानातून मोठे छापून आणले आणि त्याच जागी लावले. लाल कोठारं, हिरवट पत्रे, दगडफुलाने केशरी झालेली चर्चची पायरी. दादा डोळे मिटून घ्यायचा. पण माणूस दिवसभर डोळे किती मिटणार?

निळी शाळा तिने भिंतीवर लावली नाही, हाताशी ठेवली. दुपारी चहा करून आणायची, त्याच्या उशाशी बसायची आणि ती समोर धरायची. "मी कुठंय? दाखवा." तो बघायचा नाही. ती चिडायची नाही. कप हातात धरून शांत बसून राहायची. मग म्हणायची, "थंड झाला. उद्या." आणि चहा सिंकमध्ये ओतायची. दादाला चहा केवढा लागायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांची मुलगी रेवा अबू धाबीहून आली होती तेव्हा तिने हे पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन रडत म्हणाली, "आई, धिस इज क्रुएल. प्लीज स्टॉप." वहिनी म्हणाली, "जेवण देते, औषध देते, अंघोळ घालते. एक प्रश्न विचारते, तर क्रुएल?"

तो प्रश्न सुटला तेव्हा मी तिथे होते. शुक्रवार होता, मी मोसंबी घेऊन गेले होते. वहिनीने फोटो धरला, विचारलं, आणि दादाने डोळे उघडले. कितीतरी वेळ बघत राहिला. निळ्या भिंतीपुढे पिवळ्या स्वेटरात उभी असलेली तरुण बाई, वाऱ्याने केस तोंडावर आलेले, जरा हसणारी. मग त्याचा डावा हात गादीवरून उठला, पुढे आला आणि बोट नेमकं त्या पिवळ्यावर टेकलं. बोट तिथेच थांबलं नाही. ते हळूहळू पुढेमागे फिरू लागलं... पुन्हा पुन्हा, त्याच जागी. मला वाटलं, कुरवाळतोय. माझे डोळे भरून आले. "वहिनी, बघ..." मी म्हणाले.

"बघतेय," वहिनी म्हणाली. "पुसतायत. अजून पुसतायत."

तिने फोटो बाजूला ठेवला आणि चमच्याने त्याला चहा पाजला, सगळा, न सांडता. ओठ पुसले. त्यानंतर तिने तो प्रश्न कधी विचारला नाही, आणि त्यानेही तो फोटो असलेल्या बाजूला कधी मान वळवली नाही. बोट काय करत होतं हे मी दादाला नंतर वहिनी खोलीत नसताना विचारलं. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या नजरेतून मला काहीच वाचता आलं नाही. पुढच्या उन्हाळ्याआधीच तो गेला. विधी इथेच झाले. वहिनी रडली नाही, रेवा रडली, मी रडले.

मागच्या आठवड्यात शारजाबाहेरच्या हमरिया फ्री झोनमधलं त्याचं गोदाम रिकामं करायला आम्ही दोघी गेलो होतो. परतताना आतल्या रस्त्याला एक जुना, बंद पडलेला लाकडी वर्कशॉप लागला. फळ्या वाळून वाकड्या झालेल्या, दाराला कधीकाळचा हिरवा रंग. "थांबव," वहिनी एकदम म्हणाली. मी गाडी कडेला घेतली. ती उतरली, वाळूतून चालत गेली आणि दारापासून थोडं बाजूला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हात सरळ खाली, हनुवटी किंचित वर. "वहिनी, ऊन बघ केवढं आहे!" मी काच खाली करून ओरडले. तिने हातानेच मला गप्प केलं आणि वर बघत म्हणाली, "ढग जाऊ दे."

ढग कसला, धुळीचा पातळ पडदा होता. ती हलली नाही. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. इंजिन चालू ठेवून मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने ऊन लख्ख झालं, दाराचा हिरवा उजळला आणि वहिनी समोरच्या रिकाम्या वाळूकडे बघत हसली.

"आता," ती म्हणाली.

समोर कुणीच नव्हतं. थोडा वेळ ती तशीच थांबली, मग येऊन गाडीत बसली, चपलांतली वाळू झटकली आणि दार ओढून घेतलं. "यल्ला, चल. एसी वाढव जरा."