भिंगआत्याचा तंबू

माझ्या आत्याला घरात सगळे भिंगआत्या म्हणतात. चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात ती तरुणपणापासून आजवर कामाला आहे आणि कामावरची सवय घरी आली. भाजी असो की चादर, उजेडाकडे धरून उलटसुलट करून पाहिल्याशिवाय ती पिशवीत टाकत नाही. तिच्याबरोबर खरेदीला जायचं म्हटलं की आम्ही काहीतरी निमित्त शोधतो.

आतोबांचं तसं नाही. ते पाणीपुरवठा खात्यात होते, आता निवृत्त आहेत. दर हिवाळ्यात, ऐन बर्फाच्या दिवसांत, ते एका मित्राबरोबर डोंगरात तंबू ठोकून राहायला जातात. या मित्राला आम्ही दाढीकाका म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून आत्या म्हणत आली, "मलाही न्या की एकदा." कधी मुलं लहान होती, कधी त्यांच्या परीक्षा होत्या, मग सासूबाईंचं दुखणं निघालं. मुलं परगावी गेली, सासूबाईही गेल्या, तेव्हा आतोबांना नवीन कारण सापडलं. "तुला थंडी सोसणार नाही गं."

गेल्या वर्षी मात्र जेवताना ते बोलून गेले, "बरं, या खेपेला चल. पण तंबू दाढीचा आहे, आणि तोही फाटलाय. आपल्याला दुसरा लागेल."

"मी बघते," आत्या म्हणाली.

"बघ. तुझंच ते काम."

तेवढ्यावर बाई हरखली. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन डोंगरसामानाच्या दुकानात गेली. विक्रेत्याने एक तंबू पुढे केला. "हा घ्या काकू. दोघांचा, फुलासारखा हलका."

आत्याने हात आत घातला. "आतून सगळी जाळीच आहे. वारा आरपार जाईल."

"हा उन्हाळ्यातला आहे."

"मग मला कशाला दाखवताय?"

तो बिचारा निमूटपणे थंडीतले तंबू काढू लागला. आत घट्ट कापड, वरून दुसरं आवरण, तेही जमिनीपर्यंत टेकणारं. बर्फाच्या भाराने वाकल्या तरी मोडणार नाहीत अशा दांड्या. श्वासाची वाफ साचून सकाळी डोक्यावर ठिबकू नये म्हणून छताजवळ छोटी झडप. आत्याने घरून लोकरीचे हातमोजे आणले होते. ते घालून ती प्रत्येकाची चेन ओढून बघायची. जिची चेन अडकली तो तंबू बाद.

मग मला आतोबांच्या जागी आडवं केलं. "ते तुझ्यापेक्षा उंच आहेत. पाय ताण. आता कुशीवर वळ." मी वळले. दोघांचा म्हणून विकायला ठेवलेल्या त्या तंबूत माझं कोपर तिच्या बरगडीत बसलं. तोही गेला.

"काकू, तंबू घेताय की स्थळ बघताय?" विक्रेता वैतागून हसला.

"स्थळ बघताना एवढं पाहिलं नव्हतं," आत्या म्हणाली. तीही हसली.

शेवटी एक नारिंगी तंबू पसंत पडला. दोघांना ऐसपैस, आणि दोन्ही अंगांना दारं. "यांना रात्री उठावं लागतं. मला ओलांडून कशाला जायला हवं?" तिने त्या परक्या माणसाला बिनदिक्कत सांगितलं. लाजले ती मीच.

आत्याने कारखान्यात रजा टाकली, ती मंजूर झाली. रजेच्या आदल्या आठवड्यात ती कामावरून आली तर कपाटात तंबू नाही, आणि घरात आतोबा नाहीत. तिने फोन लावला.

"अगं, दाढीला अचानक सुट्टी मिळाली. हवाही बरी होती. म्हटलं, नवा तंबू एकदा तपासून आणतो. तू येण्याआधी खात्री नको का?"

चार दिवसांनी ते परत आले, नाक सोललेलं आणि स्वारी एकदम खुशीत. "एक नंबर तंबू! तुझ्या पारखीला मानलं बुवा. दोघांना अगदी पुरतो." मग खुर्चीत बसता बसता गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आता मात्र या वर्षी पुन्हा जमायचं नाही. पुढच्या वर्षी नक्की."

मी गेले तेव्हा आत्याने बाहेरच्या खोलीत तंबू वाळत घातला होता. त्याला तंबाखूचा वास येत होता. ती ओल्या फडक्याने आतलं कापड पुसत होती.

"मी विचारलं त्यांना," ती म्हणाली, "दोन दारांचा उपयोग झाला का? तर म्हणाले, हो, दाढीला सारखं उठावं लागतं."

मी म्हटलं, "रजा आहेच ना तुझी? मी येते बरोबर."

"नको. तुझ्यासाठी नव्हता घेतला तो."

ती एकटीच गेली. आतोबा दारापर्यंत आले, म्हणाले, "उगाच हट्ट करू नकोस." तिने पिशवी उचलली आणि बस गाठली. डोंगराच्या पायथ्याशी तंबूंसाठी राखलेलं मैदान होतं, तिथे राहिली. परतल्यावर मी विचारलं, थंडी कशी होती?

"होती. कानटोपी घातली, झोपले. सकाळी पाण्याच्या बाटलीत बर्फ झाला होता." मग म्हणाली, "इतकं सोपं होतं गं. एवढ्याशा गोष्टीला आयुष्यभर घाबरवलं मला. अवघड निघालं असतं तर निदान वाटलं असतं, त्यांना काळजी होती."

मैदानावर शेजारी एक नवीनच लग्न झालेलं जोडपं होतं. त्यांचा तंबू तोच, फुलासारखा हलका. दोघंही सकाळी काकडून निळे पडले होते. निघताना आत्याने आपला नारिंगी तंबू त्यांना देऊन टाकला.

आतोबांना हे कळलं ते यंदाच्या हिवाळ्यात, कपाट उघडल्यावर. खूप आरडाओरडा झाला. "अगं, निदान विचारायचंस तरी!" आत्या तेव्हा दूध तापवत होती. दूध वर आलं तसा तिने गॅस बारीक केला.

त्यांनी दुसरा तंबू आणला आणि दाढीकाकांबरोबर गेले. आता जेवताना ते डोंगरातले किस्से सांगतात, बर्फ कुठपर्यंत आला होता, वारा कसा घोंगावत होता. आत्या "हो का?" म्हणते आणि त्यांना आणखी भात वाढते. पुढच्या वर्षीचं नाव दोघंही काढत नाहीत.