आवाज बंद करून पाहिलेली गाणी

बाबांची रात्रपाळी असली की आमच्या घरी दिवसा टीव्हीला आवाज नसे. खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बाबा सकाळी येत, आंघोळ करून आतल्या खोलीत झोपत, आणि आई टीव्हीचा आवाज शून्यावर आणून ठेवी. त्यामुळे मी आणि माझी मैत्रीण, आम्ही आमच्या आवडत्या बँडला आधी पाहिलं आणि ऐकलं नंतर.

मैत्रीण शेजारच्या गावातली, माझ्याच वर्गातली. त्यांच्याकडे लोडशेडिंग, आमच्याकडे लाइट कधी जात नसे. म्हणून दर रविवारी गाण्यांच्या कार्यक्रमाच्या वेळेला ती सायकल दामटत यायची आणि चप्पल काढायच्या आधी विचारायची, "काका ड्युटीवर की घरी?" घरी असले तर आम्ही टीव्हीसमोर अगदी नाक टेकवून बसायचो.

बँडमध्ये चार पोरं होती. एक टोपीवाला, एक कुरळ्या केसांचा, एक काळा चष्मा लावणारा. चौथा मागे उभा राहायचा, त्याच्या वाट्याला ओळसुद्धा येत नसे. अर्ध्या शाळेतल्या मुली टोपीवाल्यावर फिदा होत्या, मीही त्यातलीच. मैत्रिणीला मात्र चौथा आवडायचा.

"काहून वं? त्याले तर कोणी गाऊही देत नाही," मी म्हणायची.

"तो बाकीच्या तिघांकडे पाहून हसते," ती म्हणायची. "ते तिघं नुसते कॅमेऱ्यात पाहतात."

आवाज नसल्यामुळे आमचं सगळं लक्ष हातापायांवर. कोणता पाय आधी, मान कुठे वळते, टाळी खांद्याच्या वर की खाली, सगळं आम्हाला पाठ. शेवटी बाबांनाच दया आली असावी. एका सुट्टीच्या दिवशी ते आम्हा दोघींना बसने नागपूरला, सदरला घेऊन गेले. कॅसेटच्या दुकानात बाबांनी बँडचं नाव इतकं चुकीचं सांगितलं, की दुकानदाराने भजनांची कॅसेट काढून दिली. मैत्रीण लाजेने माझ्या मागे लपली. मग मीच टाचा उंचावून काउंटरवरून नाव सांगितलं. परतीच्या बसमध्ये आम्ही कॅसेटच्या कव्हरवरचा फोटो दहादा पाहिला. चौथ्याचा अर्धा चेहरा कुरळ्याच्या केसांमागे गेला होता, म्हणून ती सगळा रस्ता हळहळत होती.

त्या दिवसापासून बाबा पहिल्या पाळीला गेले की टेपरेकॉर्डर सुरू. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय लावून राहिल्या वं पोरींनो! तेच ते, तेच ते! टेप घासून जाईन तो!" वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज केंद्राच्या चिमणीतून उडालेल्या राखेचा थर बसायचा. आई अंगणात कपडे झटकायची आणि आम्ही ओट्यावर नाचायचो.

कॉलनीच्या गणपतीत आम्ही कॅसेटमधलं आमचं सगळ्यात लाडकं गाणं बसवलं. चार जण हवेत म्हणून शेजारच्या क्वार्टरमधल्या दोघींना ओढलं. मी टोपीवाला झाले आणि बाबांचं ड्युटीचं हेल्मेट घातलं, कारण घरात टोपी नव्हती. मैत्रीण अर्थातच चौथा. पहिलं कडवं संपलं, आणि मंडपवाल्याची वायर जळून सगळं बंद पडलं. गाणं, दिवे, पंखे, सगळंच. मंडपात बसलेली सगळी माणसं वीज तयार करणारी. आधी एक जण हसला, मग सगळा मंडपच खो खो हसायला लागला. मी स्टेजवर हेल्मेट घालून रडायच्या बेतात.

तेवढ्यात मागून आवाज आला. चौथ्याच्या जागेवर उभी असलेली माझी मैत्रीण गात होती. वर्गात कविता म्हणायला उभं केलं तरी जिचा आवाज फुटत नसे ती पोरगी! तिने दुसरं कडवं घेतलं, समोरून टाळ्यांचा ठेका आला, आणि आम्ही उरलेला नाच अंधुक उजेडात पूर्ण केला. बक्षीस मिळालं स्टीलचं ताट. चौघींत ते कसं वाटायचं यावर दोन दिवस भांडण झालं. शेवटी ते मैत्रिणीच्या घरी गेलं, आणि ते बरोबरच झालं.

पुढे बँड मोडला. आम्ही मोठ्या झालो, कॉलनी सुटली. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे नागपूरला राहायला आली. मी सदरमध्ये एका ऑफिसात नोकरी करते. मैत्रीण कन्हानला दिली, तिथेच प्राथमिक शाळेत शिकवते. लग्नाबिग्नात भेटी व्हायच्या, तेवढंच.

आणि यंदा हिवाळ्यात, ऑफिसात जेवायच्या सुट्टीत, तिचा फोन आला. आधी नुसतं धापा टाकणं ऐकू आलं.

"अवं काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"ते येऊन राहिले," ती म्हणाली. "नागपूरले. रविवारी, संध्याकाळी पाच वाजता."

ते म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

तीन तिकिटं काढली, दोघींची आणि माझ्या मुलीचं. मुलीने फोनवर बँडचा आताचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "मम्मी, हे तर काका लोक आहेत," आणि आपल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला निघून गेली. तिकीट वाया जाऊ नये म्हणून मी आईला विचारलं. आईने एका शब्दानेही कटकट केली नाही. कपाटातून ठेवणीतली जांभळी साडी काढली आणि म्हणाली, "बसाले खुर्च्या असतात ना?"

सभागृह आमच्याच वयाच्या लोकांनी भरलेलं. कोणाचे केस गेलेले, कोणी डॉक्टर वाटत होता, कोणी बँकेतला साहेब, आणि सगळे शाळेच्या सहलीला आल्यासारखे एकमेकांना ढकलत होते. बँडचे तिघंच आले होते. टोपीवाला परदेशात स्थायिक झालाय, असं स्टेजवरून सांगितलं. कुरळ्याला आता टक्कल. चष्मेवाल्याचा चष्मा आता नंबरचा. आणि माइकसमोर, मधोमध, उभा होता चौथा.

मैत्रिणीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आमचं गाणं सुरू झालं तसं सगळं सभागृह उभं राहिलं. पहिलं कडवं मी गळा फाडून म्हटलं. दुसऱ्याला अडले, शब्द आठवेनात. मैत्रीणही अडली. आणि माझ्या उजव्या बाजूने, अजिबात न चुकता, थोड्या भजनी चालीत, दुसरं कडवं ऐकू येऊ लागलं. वळून पाहिलं तर आई! डोळे मिटलेले, हात मांडीवर ठेका धरतोय.

"आई, तुले येते हे?"

"आता नाही येईन तर काय!" आई डोळे न उघडता म्हणाली. "पोळ्या लाटता लाटता रोज ऐकलं. मले तर तिसरंही येते. आता गप राहा, म्हणू दे."

मैत्रीण हसता हसता खुर्चीत बसली. मी उभीच होते, आईकडे पाहत. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या घरात ते गाणं आम्ही दोघीच ऐकत होतो.

कार्यक्रमानंतर फोटोसाठी रांग लागली. रांगेत मैत्रीण काय काय बोलायचं ते पुटपुटत होती. नंबर आला, चौथा समोर हसत उभा, आणि तिची बोलतीच बंद. मी कोपर मारलं, तरी नाही. शेवटी आईच पुढे झाली आणि आपल्या नागपुरी हिंदीत म्हणाली, "बाबू, खाना खाया क्या? ये लडकी बचपन से बोलती, चार में तुमच अच्छे थे."

 तो बाकीच्या दोघांना हाक मारून म्हणाला, "सुना? माताजी की बात सुन लो जरा!" दोघं धावत आले, त्याची टिंगल करायला लागले, आणि तो लहान पोरासारखा लाजला. आईने पर्समधून घरून आणलेली तिळाची वडी काढली आणि तिघांच्या हातावर एकेक ठेवली. तिघांनी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली.

तोवर मैत्रिणीचा आवाज परत आला. तिने त्याला गणपतीतला नाच सांगितला, हेल्मेटसकट, जळालेल्या वायरसकट. सांगताना ती हातांनी नाचसुद्धा करून दाखवत होती. मागची रांग ओरडत होती. तो म्हणाला, "वो स्टेप तो हम लोग खुद भूल गए हैं," आणि तिच्याकडून दोनदा करवून घेतली.

कन्हानला परतायची तिची बस होती, पण त्या दिवशी ती माझ्याच घरी राहिली. जेवताना आई मुलीला म्हणाली, "तुह्या मायले दुसरं कडवं येत नाही, माहीत आहे का तुले?" मुलीने फोनवर गाणं लावलं, आवाज पूर्ण वाढवून, आणि आईने तिच्यासमोर बसून आम्हा दोघींची परीक्षा घेतली. मैत्रीण पास झाली. मला पुन्हा बसावं लागलं.