चोरकाका आणि खुर्च्यांची भिंत

विचारल्याशिवाय कुणाच्या अंगणातलं फूलही कधी न तोडलेल्या त्या माणसाला सगळी वस्ती चोरकाका म्हणत असे. घरफोडीचे अलार्म बसवणं हा त्यांचा धंदा. नव्या घरी गेले की ते आधी दारात जात नसत. घराभोवती एक फेरी मारत, खिडक्या बाहेरून हलवून बघत, पाण्याच्या पाइपावर पाय ठेवून अंदाज घेत आणि मग घंटी वाजवून मालकाला गंभीरपणे सांगत, "मी चोर असतो ना, तर तुमच्या न्हाणीघरातून आलो असतो." एकदा अशाच फेरीत एका शेजारणीनं आरडाओरडा करून चार माणसं गोळा केली, तेव्हापासून हे नाव चिकटलं. त्यांच्या बायकोलाही ते आवडे. कुणी विचारलं, "मिस्टर काय करतात?" तर ती ठसक्यात म्हणे, "चोऱ्या करतात."

सत्तावन्न वर्षांचे, सडपातळ, कानामागे पेन्सिल खोचलेली. बोलणं तोलूनमापून. पण घरात जनावर असेल तर ते खुलत. चक्क जमिनीवर फतकल मारून बसत आणि त्या जनावराच्या उंचीवरून खोली न्याहाळत. त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. याचं वजन किती? हा कुठे कुठे चढतो? आणि घरात कुणी नसलं की कोणाची वाट बघतो? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसत. पण वाट बघणारं जनावर खिडकीत चढतं आणि खिडकीसमोर सेन्सर लावला की भोंगा वाजतो, हे काका अनुभवानं शिकले होते.

चौकापलीकडच्या एका घरी त्यांनी असाच अलार्म बसवला. शेजारच्या गल्लीत भरदुपारी कुलूप फुटलं होतं, म्हणून त्या घरानं हाय खाल्ली होती. घरात माणसं तीन. चष्म्याचं दुकान चालवणारा मुलगा, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला जाणारी सून आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी. चौथा भोपळ्या. तपकिरी, गुबगुबीत, एकोणीस किलोंचा कुत्रा. सकाळी आधी मुलगा-सून जात, मग दहाच्या सुमारास आजी लायब्ररीत फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवायला जात. बारापर्यंत घरात भोपळ्या एकटा.

"वाजणार नाही ना हे याच्यामुळे?" आजींनी विचारलं होतं.

"आजी, हा सेन्सर कुत्र्या-मांजरांच्या घरासाठीच बनवलाय. पंचवीस किलोंपर्यंतचं कुत्रं जमिनीवर हिंडू दे, लोळू दे, हा काणाडोळा करतो. माणूस उभा चालत आला, की मात्र बोंब ठोकतो."

आजींनी मान हलवली. काकांना वाटलं, पटलं. मान हलवणं आणि पटणं यांत केवढं अंतर असतं, हे त्यांना नंतर कळायचं होतं.

पहिल्या तीन आठवड्यांतच तीनदा भोंगा वाजला. प्रत्येक वेळी अलार्म कंपनीच्या कंट्रोल रूमचा फोन सुनेला. बिचारी हातातल्या नळ्या तशाच ठेवून बाहेर धावायची. गस्तीची गाडी यायची. आजी भोंगा ऐकून लायब्ररीच्या वाटेवरूनच परतायच्या, सगळ्यांच्या आधी पोचून तो बंद करायच्या, आणि घरात सापडायचा तो फक्त शेपूट हलवणारा भोपळ्या. काका तीनही वेळा येऊन गेले. सेन्सरची उंची मापात होती, तो कुठे कललेला नव्हता. भोपळ्याला त्याच्यासमोरून दहादा फिरवलं, तर सेन्सर मूग गिळून गप्प. काकांनी डोकं खाजवलं आणि घरी गेले.

तिसऱ्या खेपेनंतर कंट्रोल रूमनं बजावलं की आणखी एकदा खोटा भोंगा वाजला, तर गाडी पाठवणं बंद. मग घरात ठरलं. सुनेच्या एका मैत्रिणीची गावाबाहेर रोपवाटिका होती. शनिवारी बारा वाजता मुलगा भोपळ्याला तिथे कायमचा सोडून येणार. काकांना निरोप आला, शनिवारी सकाळी येऊन हा सेन्सर काढा आणि साधा बसवा, आता घरात जनावर नसेल.

त्या सकाळी काकांचा पाय घरातून निघेना.

"काय हो, आज चोरी कुठे?" बायकोनं विचारलं.

"आज एका कुत्र्याला घराबाहेर काढायला चाललोय. माझ्या शब्दावर विसंबून होते गं ते लोक."

"मग शब्द खरा करून या," ती म्हणाली आणि पिशवी हातात देऊन मोकळी झाली.

आजींनी दार उघडलं. घर नेहमीसारखं आरशासारखं लख्ख. आजींचे डोळे मात्र सुजलेले. "करा तुमचं काम," एवढंच म्हणून त्या भोपळ्याशेजारी बसल्या. भोपळ्यानं मात्र काकांना ओळखून त्यांच्या बुटावर हनुवटी टेकली. पाय सोडवून घेताना काकांना फार जड गेलं.

काढण्याआधी त्यांनी अलार्मच्या पेटीतली नोंद एकदा बघितली. केव्हा चालू केला, केव्हा वाजला, सगळं यंत्र लिहून ठेवतं. याआधी त्यांनी फक्त वाजल्याच्या वेळा पाहिल्या होत्या. आज सगळंच वाचलं. तिन्ही वेळा आजी बाहेर पडल्यावर चार-पाच मिनिटांत भोंगा वाजला होता. आणि तिघंही रविवारी एकत्र बाहेर गेली, तेव्हा तीन-तीन तास एकदासुद्धा नाही.

हे काय गौडबंगाल, असं म्हणत ते स्टुलावर चढले. एक स्क्रू सैल केला आणि सहज खाली नजर गेली. सेन्सर बसवल्यापासून ते या खोलीकडे जमिनीवर बसूनच बघत आले होते. वरून त्यानंतर पहिल्यांदाच बघत होते. सोफ्याच्या पाठीच्या वरच्या कडेवर नखांचे ओरखडे होते.

"आजी, हा सोफ्याच्या पाठीवर चढतो?"

"छे! सोफ्याला पाय लावत नाही तो. शिस्तीचा आहे."

"मग एक करा. मी इथे नाहीच असं समजा, आणि लायब्ररीला रोज निघता तशा निघा. चप्पल घालायच्या आधी जे जे करता, ते सगळं करा."

आजी एकदम लाजल्या. "अहो, पसारा होईल. घर आत्ताच आवरलंय."

"होऊ दे पसारा."

मग आजी उठल्या. पदर खोचून त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या ओढत आणल्या आणि बैठकीच्या तोंडाशी, सोफ्याच्या कडेला लागून आडव्या घातल्या. त्यांच्यावर तिसरी खुर्ची. तिच्यावर इस्त्रीचं टेबल, आणि वर पुस्तकांचा खोका. भोपळ्या पलीकडे, सेन्सर अलीकडे.

काका स्टुलावर पेन्सिल चावत बघत राहिले. "हे रोज?"

"रोज. मी शेवटी निघते ना! तुम्ही सांगितलंत हो, पण यंत्राला काय कळतंय भोपळ्या कोण आणि चोर कोण? म्हटलं, समोर जायलाच नको त्यानं. पहिल्यांदा दोनच खुर्च्या होत्या. भोंगा वाजला, तशी तिसरी चढवली. परत वाजला, मग इस्त्रीचं टेबल. तरी कार्टं अधूनमधून येतंच पलीकडे!"

"आणि मी येईपर्यंत हे सगळं जायचं कुठे?"

"कुठे म्हणजे? चार माणसं येणार, गाडी येणार. त्यांच्यापुढे असा उकिरडा ठेवू? आल्या आल्या आवरायचे मी."

"रविवारी?"

"रविवारी मुलगा दारात घाई करत उभा असतो, तेव्हा कुठली भिंत!"

तेवढ्यात भोपळ्याला ही चर्चा लांबलेली दिसली असावी. त्यानं पहिल्या खुर्चीवर पाय ठेवला, दुसऱ्या उडीत सोफ्याच्या पाठीवर आला, त्या कडेवरून डोंबाऱ्यासारखा तोल सावरत पुढे चालला आणि धप्पकन खाली उतरून काकांकडे बघू लागला. त्या कडेवर असताना तो सेन्सरपासून चार हातांवर होता, आणि माणसाच्या छातीच्या उंचीवर.

काका स्टुलावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"आजी, अहो, जमिनीवरच्या कुत्र्याला हा सेन्सर माफ करतो. तुम्ही त्याला पूल बांधून माणसाच्या उंचीवर चढवलंत! एवढ्या उंचीवरून चालतोय म्हटल्यावर त्याला वाटणार, आला चोर."

आजींचा हात तोंडावर गेला. "म्हणजे मीच..." त्यांनी भोपळ्याला जवळ ओढलं. "माझ्या हातानंच मी त्याला घालवत होते?"

"अजून कुठे गेलाय तो? चला, उचला खुर्च्या."

काकांनी स्क्रू पुन्हा आवळला. खुर्च्या टेबलाशी गेल्या, सोफा समोरच्या भिंतीला लागला. अलार्म चालू करून, दार ओढून दोघं बाहेर पायरीवर उभी राहिली. आजींनी कठड्याची सळई दोन्ही हातांनी धरली होती. आतून भोपळ्याच्या नखांची टिकटिक ऐकू आली. बैठकीतून खिडकीकडे, खिडकीतून परत. प्रत्येक फेरीला आजी डोळे मिटून घेत.

साडेअकराला मुलगा स्कूटरवरून आला. "आई, बाहेर का उभी? काका, झालं काम?"

"श्श! बोलू नकोस," आजी म्हणाल्या. काकांनी हळू आवाजात त्याला खुर्च्यांची कथा सांगितली. तो ऐकत होता आणि एकीकडे घड्याळ बघत होता. पाच मिनिटं. दहा. पंधरा. नखं थांबली. खिडकीतून बघितलं तर सेन्सरच्या बरोबर समोर, गालिच्याच्या मध्यावर, भोपळ्या चारी पाय वर करून झोपला होता.

मुलगा स्कूटरच्या सीटवर टेकला. त्यानं बायकोला फोन लावला. "अगं, नाही वाजला. नाही, भोपळ्या आतच आहे. हो गं, मोकळाच. अगं, रडतेस काय?"

फोन ठेवून त्यानं स्कूटरच्या डिकीतून एक पिशवी काढली. आत भोपळ्याची वाटी, त्याची जुनी चादर आणि घडी घातलेला कागद. आजींनी कागद उलगडला. मुलाच्या अक्षरात ओळीनं लिहिलं होतं: ढग गडगडले तर जवळ बसावं. डावा कान हळू पुसावा. झोपताना तोंडानं आवाज करतो, उठवू नये.

"काय रे," आजी म्हणाल्या, "मला तर म्हणत होतास, कुत्र्याचं काय एवढं, चार दिवसांत विसरशील!"

"ते मी मलाच सांगत होतो, आई," मुलगा म्हणाला आणि किल्ली घेऊन दाराकडे धावला.

"आधी अलार्म बंद करा!" काका मागून ओरडले.