घोडा आत असलेली बंदूक

सर्जानं वरून बंदुकीचा दस्ता ओढला आणि खालून बार झाला. ज्ञानू बांधाला टेकून उभा होता, तो तसाच घसरत खाली बसला... पडला नाही, बसला. सर्जा म्हणजे माझा मुलगा आणि ज्ञानू माझा पाठचा भाऊ. मी तिथं नव्हते. मी आणि ज्ञानूची बायको हौसा खाली वस्तीवर होतो. बार ऐकू आला तेव्हा हौसा पाट्यावर मसाला वाटत होती. "गावलं वाटतं," असं म्हणून तिनं लसणाचा आणखी एक गड्डा सोलायला घेतला, कारण रानडुक्कर पडलं की हाकाऱ्याची, म्हणजे डबे बडवून जनावर उठवणारी सगळी माणसं आमच्याच अंगणात जेवायची. मी चुलीत लाकूड सारलं. एकाच बारात काम झालं म्हणजे नेम चांगला बसला, असं आम्ही दोघी बोललोसुद्धा. मग वरून ओरडा आला. शिकार पडल्यावरचा ओरडा निराळा असतो, तो आम्ही उभा जन्म ऐकलेला. हौसानं वरवंटा बाजूला ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

याला आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत गेलेल्या माणसावर लिहितात तेव्हा तो देवमाणूस होता असं लिहायची रीत आहे. ज्ञानू देवमाणूस नव्हता. हट्टी होता. आपलं कौतुक चारचौघांत व्हावं असं त्याला वाटायचं, आणि दुसऱ्याचं करायची वेळ आली की त्याला तंबाखूची आठवण व्हायची. डुकराचं काळीज तो कधी कुणाला वाटून द्यायचा नाही. पण मी ऐन तारुण्यात विधवा झाले आणि औंधाकडच्या सासरहून कडेवर मूल घेऊन शिराळ्याच्या बाजूला माघारी आले, तेव्हा त्यानं बैलगाडी कुठं चावडीवर थांबवली नाही, की कुणा चुलत्याला विचारलं नाही. थेट आपल्या दारात आणून सोडली. "हितनं फुडं ह्यो पोरगा माजा," एवढं म्हणाला आणि बैल सोडायला गेला. त्याला पुढं दोन्ही मुलीच झाल्या. त्या नांदायला गेल्या. नांगर धरण्यापासून नेम धरण्यापर्यंत सगळं त्यानं सर्जालाच शिकवलं. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढी अक्षरं मी सर्जाला दिली. बाकी सगळा सर्जा ज्ञानूचा.

आमच्या घरी वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंध्या, वर छर्रे, आणि गजानं ठासायचं. मागं छोटी तांब्याची टोपी बसवायची, घोडा त्या टोपीवर आदळला की बार. अशी बंदूक एकदा भरली की उडवल्याशिवाय रिकामी होत नाही. म्हणून ती भरलेलीच भिंतीला उभी असायची, आम्ही तिच्याखालून झाडून घ्यायचो. भीती वाटत नसे. टोपी काढली की बंदूक मेली, हे आमच्या घरातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक. रानात बांध चढायचा झाला, ओढा उतरायचा झाला, की ज्ञानू अंगठ्यानं टोपी काढून गालात धरायचा आणि भरलेली बंदूक पुढच्या माणसाच्या हातात द्यायचा. देतानाही दस्ता त्या माणसाकडं, नळी आपल्याकडं. दुसऱ्याच्या अंगावर नळी करणं हा आमच्याकडं मोठा उर्मटपणा समजतात. आणि शिवारात बंदूक रिकामी केली तर शिकार पाठ फिरवते, असंही जुनी माणसं म्हणायची. ज्ञानू ते मानायचा.

त्याचा उजवा अंगठा अर्धाच होता. गुऱ्हाळाच्या चरकात ऊस घालताना पेरापासून गेला होता. राहिलेल्या खुंटानं तो टोपी काढायचा, घोडा ओढायचा, तंबाखूही मळायचा. पण पन्नाशी ओलांडल्यावर त्या खुंटात जोर उरला नाही. घोडा ओढताना तो दात चावायचा. आम्ही बघायचो आणि न बघितल्यासारखं करायचो.

दुष्काळ सरला, पाणी आलं, ऊस पुन्हा उभा राहिला. त्याच्यामागं डोंगरातली डुकरंही खाली आली. एका रात्रीत उसाचा फड लोळवायची. जुन्या बंदुकीच्या नळीला आतून गंजानं खड्डे पडलेले, ती आता कुणाच्या तोंडावर फुटेल याचा नेम नव्हता. पिकाच्या राखणीचं लायसन होतंच, त्याच्यावर नवी बंदूक घ्यायचं ठरलं. सांगलीला निघालो ते ज्ञानू, सर्जा आणि मी. मला डोळे दाखवायचे होते म्हणून मी एस.टी.त बसले. बंदुकीतलं मला काय कळतं असं ज्ञानू वाटभर म्हणत होता, आणि कुठली घेऊ तेही वाटभर मलाच विचारत होता.

दुकानदार सदरा-धोतरातला म्हातारा माणूस होता, बोलायला सावकाश. त्यानं गादीवर आधी एका नळीची ठेवली, मग दोन नळ्यांची आणि दोन घोड्यांची. ज्ञानूनं दुसरी उचलली. खांद्याला लावली, रस्त्यावरच्या विजेच्या खांबावर नेम धरला. चेहरा असा फुलला होता की मला हसू आलं. "पाहुणे, घोडा ओढून बघा," दुकानदार म्हणाला. ज्ञानूनं ओढला. अर्ध्यावर आला आणि खुंटावरून निसटला... खट् करून आवाज झाला. बंदूक रिकामीच होती. पण नळी तेव्हा सर्जाच्या पोटासमोर आली होती. सर्जा रस्त्यावरची सायकल बघितल्यासारखं करून जरा बाजूला सरकला. ज्ञानूनं पुन्हा ओढला. पुन्हा निसटला. दुकानदारानं बंदूक हळूच काढून घेतली आणि कपाटातून तिसरी आणली. तिच्यावर घोडेच दिसत नव्हते. घोडे आत होते. बंदूक मधून मोडायची, काडतुसं घालायची, मिटली की आतले घोडे आपोआप ताणले जायचे. वर पाठीवर एक छोटा खटका. मागं ओढला की चाप अडतो, पुढं सारला की सुटतो. अंगठ्याला जोर लावायचं कामच नाही. दुकानदारानं दोनदा सांगितलं, "बांध चढायचा, कुंपण ओलांडायचं, तर खटक्यावर राहायचं नाही. मोडायची आणि काडतुसं बाहेर काढायची. एवढं पाळा." ज्ञानूनं मान हलवली. त्याचं लक्ष बंदुकीवरच्या नक्षीवर होतं.

मी म्हणाले, "जरा थांबावं, चा घेऊन येतो." आणि दोघांना बाहेर काढलं.

हॉटेलात बसल्यावर मी सरळ विषय काढला. मला फिरवून बोलता येत नाही.

"ज्ञानू, बंदूक घ्यायची तर घोड्याची घे आन सर्जाच्या नावावर घे. तुजा आंगटा गेला आता."

"आंगटा जाऊन पंधरा वर्सं झाली, आक्का. तुला आज दिसला व्हय?"

"मला कवाच दिसलाय. आज त्या दुकानदाराला दिसला."

सर्जा बशीतल्या चहाकडं बघत बसला होता. ज्ञानूनं त्याच्याकडं बघितलंच नाही. मला म्हणाला, "बंदूक सर्जाला दिली, तर हाकाऱ्याला मी काय करू? डबं वाजवू? ज्यांनी जल्मभर माज्यासाटी डबं बडवलं त्यांच्या वळीत हुभा ऱ्हाऊ?"

"वाजीव की. लाज कसली?"

"तुजं काय, तुला डबा लागतच न्हाई. तुजं त्वांड हाय."

सर्जाला हसू आवरेना, त्याला ठसका लागला. मलाही हसायला आलं आणि तिथंच माझं बोलणं संपलं. पण ज्ञानू हसत नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "घोडा आतला आसंल तर आजून धा वर्सं मी हुभा ऱ्हातोय, आक्का. त्यो भाईरचा घेटला तर आजपास्नं घरात." मग सर्जा पहिल्यांदा बोलला. "मामा, तीच घिऊ. लय देखणी हाय." सर्जाला बंदूक नको होती असं नाही. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं होतं. पण मामा उभा असताना आपण बंदूक धरायची, हे त्याच्यानं झालं नसतं. मग तीच बंदूक घेतली. गावात ज्ञानूनं सांगितलं ते एवढंच, की नक्षी आवडली म्हणून ही घेतली. हौसासाठी भडंगाची पुडी घेतली होती, ती त्यानं एस.टी.त निम्मी खाल्ली.

बंदूक वाईट होती, घराला लाभली नाही, असं आता लोक म्हणतात. ते खोटं आहे. दोन हिवाळे ती चांगली चालली. ज्ञानू तरुण झाल्यासारखा दिसायचा. सकाळी पारावर बसून तेलाच्या फडक्यानं पुसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला मोडून दाखवायचा. पण रानातली त्याची चाल होती तीच राहिली. बांध आला की काडतुसं काढणं त्याला कधीच जमलं नाही. दुकानदार काय म्हणाला होता याची सर्जानं एकदा आठवण करून दिली, तर ज्ञानू म्हणाला, "त्यो गादीवर बसून शिकार करतोय. भरल्याली बंदूक रानात रिती करत न्हाईत रं." टोपीच्या जागी त्यानं खटका धरला होता. बांध आला की अंगठा बंदुकीच्या पाठीवरून फिरवायचा, पूर्वी टोपी काढायचा तसाच, आणि दस्ता पुढं करायचा. त्याच्या हिशोबानं बंदूक मेली.

त्या सकाळी खालच्या फडातून हाकारा झाला. डुक्कर उसात खसखसलं, ज्ञानूनं खटका पुढं केला, पण ते त्याच्याकडं न येता ओघळीनं वरच्या फडात गेलं. सगळे वर निघाले. तिथला बांध पुरुषभर उंच आहे आणि घाणेरीनं भरलेला. सर्जा आधी चढला. ज्ञानूनं खालून बंदूक वर केली, रीतीप्रमाणं दस्ता सर्जाकडं, नळी आपल्याकडं. सर्जानं ओढली. घाणेरीची फांदी चापात अडकली.

"मामानं आंगटा फिरवला, आये," सर्जा मला नंतर म्हणाला. "मी बघितलं. फिरवला म्हून तर मी वडली." अंगठा फिरवला असणारच. चाळीस वर्षं फिरवत होता. पण खटका छोटा आणि अंगठा अर्धा... तो वरूनच गेला. पंचनाम्यात बंदूक बघितली तेव्हा खटका पुढंच होता.

मी आणि हौसा वर पोचलो तेव्हा ज्ञानू गेलेला होता. त्याच्या छातीकडं बघवत नव्हतं. सर्जा बांध उतरून त्याच्याजवळ बसला होता, दोन्ही हातांनी ज्ञानूचे पाय धरून. सर्जाला उठवायला चार माणसं लागली. त्यातला एक मला म्हणाला, "आक्का, तुमी बाजूला व्हा." मी झाले नाही. कुणीतरी टॉवेल टाकला तो मीच नीट केला. रडायचं राहून गेलं. आजही रडू आलेलं नाही, येईल असं वाटत नाही.

तपासणीला नेलेलं प्रेत शिराळ्याहून परत यायला दिवस कलला. सर्जाला ठाण्यावर बसवून ठेवलं होतं, जबाब झाल्यावर सोडला. तो आला तेव्हा स्मशानात भावकी जमली होती आणि अग्नी कुणी द्यायचा यावर बोलणं चाललं होतं. ज्ञानूला मुलगा नाही. एक चुलतभाऊ मोठ्यानं म्हणाला, "ज्येच्या हातनं गेला त्येनंच आग लावायची, हे कुटलं शास्त्र?" सर्जा मागं फिरला. मी त्याची आई, मी काय बोलणार? बोलले असते तर आईच बोलते म्हणाले असते. बायका स्मशानात जात नाहीत, आम्ही ओढ्याच्या अलीकडं उभ्या होतो. हौसा तिथून ओढा ओलांडून गेली. कुंकू पुसलेलं, पदर ओला. ती चुलतदिराला म्हणाली, "आवं, त्येनी ह्येला वाडीवला. तुमी न्हाई वाडीवला. सर्जा, फुडं हो." आणि सर्जाच्या हातात तिनं स्वतः मडकं दिलं. मडकं खांद्यावर घेताना पाणी त्याच्याच अंगावर सांडत गेलं. पण तो फिरला. तीन फेऱ्या पुऱ्या केल्या.

बंदूक सरकारात जमा आहे. परत मिळेल म्हणतात, आम्ही मागितलेली नाही. डुकरं येतात. सर्जा फडाकडं जातो, डबा वाजवतो, माघारी येतो. जेवायला बसला की हौसा वाढते आणि तो ताटाकडं बघत राहतो. मग ती म्हणते, "जेव," आणि तो जेवतो. लोक मला विचारतात, भाऊ गेल्याचं दुःख मोठं की मुलाच्या हातून गेल्याचं. मला यात मोजमाप करता येत नाही. त्या बांधावर दोन माणसं होती. खालचा माझा भाऊ, तो मेला. वरचा माझा मुलगा, तो जगला.