न प्यायलेल्या दारूचं गाऱ्हाणं

संपात गिरणी गेली आणि बाबांचं पोट वाढायला लागलं. आमच्या घाटकोपरच्या चाळीला दोन्हींचा संबंध लगेच कळला. बेकार माणूस, पुढे आलेलं पोट, म्हणजे दारू! बाबा चहासुद्धा बेताने घेत, पण असल्या फुटकळ माहितीने चाळीचं मत बदलत नसे.

हातपाय काटकुळे, पोट मात्र तट्ट, बेंबी बाहेर आलेली. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा. संध्याकाळी कणकण असायची. नाक्यावरच्या डॉक्टरांनी बाबांच्या पोटावर टिचक्या मारल्या, कुशीवर वळवून पुन्हा मारल्या. आवाज बदलला.

"पोटात पाणी झालंय, जलोदर. लिव्हर, हृदय, किडनी, टीबी, कशानेही होतं. ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. किती पिता?"

"थेंबही नाही."

"सगळे असंच म्हणतात."

घरी पोचेपर्यंत चारांपैकी तीन कारणं जिन्यातच गळाली. उरलं लिव्हर. आणि त्यावर आमच्या कोकणी चाळीकडे हॉस्पिटलपेक्षा जालीम इलाज होता. चांगला वार बघण्यात आठवडा गेला. बाबांना धाप लागत होती, पण घाई कुणाला होती? मग चाळीतल्या सर्वांत वयस्कर काकांनी देवळीपुढे नारळ धरून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्येचा दारूचा व्यसन सुटू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मीही ओरडले. अकरावीत होते, सायन्सला. बाबा मान खाली घालून उभे होते.

गाऱ्हाण्यानंतर कुठे हॉस्पिटल गाठलं. तिथे सुईने पाणी काढून तपासलं. पोटाचा टीबी निघाला. लिव्हर ठणठणीत होतं. वर्षभर गोळ्या खाऊन बाबा बरे झाले, पोट सपाट झालं आणि चाळ धन्य झाली. गाऱ्हाणं पावलं, दारू सुटली! काका नवसफेडीचा नारळ घेऊन दारात हजर.

मी टीबीचा कागद दाखवला. काकांनी तो उलटा धरून वाचला आणि परत दिला.

"मी कधी प्यायलोच नाही हो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू तरी सांग गं."

दारात सगळी चाळ जमली होती. मला ते संपवायचं होतं.

"फोडून टाका ना बाबा. काय बिघडतंय?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि नारळ फोडला.