सोबत कोण आलंय

कुंभार पिंपळगावच्या डॉक्टरांकडं आजारी माणूस बोलत नाही. तो स्टुलावर बसतो, जीभ काढून दाखवतो, दंड पुढं करतो. बोलतो तो सोबतचा. डॉक्टरही त्याच्याकडंच बघून विचारतात, "काय होतंय हिला?" मी परभणीला अन्नतंत्राची पदवी घेतली तोपर्यंत एकाही डॉक्टरला माझ्या दुखण्याबद्दल स्वतः वाक्य सांगितलं नव्हतं. ते काम भावाचं.

भाऊ साखर कारखान्यात काट्यावर आहे. ऊस मोजून झाला की उरलेला वेळ तो लोकांना दवाखान्यात नेण्यात घालवतो. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांसोबत तो जालन्याला जाऊन आलेला आहे. त्याची बोलायची एक रीत आहे. माणसाला दोन जुलाब झाले असले तर भाऊ म्हणतो, "साहेब, रातभर खाली बसूनच हाय." आजारी माणूस मागून पुटपुटतो, "तेवढं न्हाई, थोडंच हाय." डॉक्टर हसतात आणि गोळ्या लिहून देतात. रोगी कमी करून सांगतो, सोबतचा वाढवून सांगतो, डॉक्टर मधलं धरतात. आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी ते बोलून दाखवत नाही. स्वतःचं दुखणं स्वतःच भडाभडा सांगणारी बाई म्हणजे नाटकी. माय तर म्हणायची, "एवढं बोलायला येतंय, मंग हिला झालंय काय?"

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला एम.एस्सी.ला गेलेली तर आख्ख्या गावात पहिली. हे मी कुठंही सांगते आणि मान खाली न घालता सांगते. तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दवाखान्यात नाव नोंदवलं होतं. म्हणजे मी गाफील नव्हते.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी मायचा फोन आला. मी सवयीप्रमाणे डाव्या कानाला लावला, तर माय बोलेचना. मी दोनदा हॅलो म्हणून ठेवून दिला. परत वाजला. या वेळी हातात चहा होता म्हणून उजव्या कानाला धरला, तर माय चिडलेली, "अगं मी बोलून राह्यले की कवाची."

फोन झाल्यावर मी डाव्या कानाजवळ चुटकी वाजवून पाहिली. काही नाही. एक घरघर तेवढी होती, गळीत हंगामात कारखान्याचा आवाज लांबून शेतात येतो तशी. उठून उभी राहिले तर भिंत कलली.

मी आधी औषधाच्या दुकानात गेले. तिथल्या बाईनं सर्दी झाली होती का विचारलं. झाली होती. तिनं कानात घालायचं तेल दिलं. दोन-तीन दिवस घातलं. फरक पडेना, म्हणून दवाखान्याला फोन केला. तिथं सकाळी आठला फोन लावायचा आणि वाट बघत बसायचं, तोवर फोनवर पेटीसारखं काहीतरी वाजत राहतं. नंबर लागला आणि दुपारची वेळ मिळाली.

तपासणारी नर्स होती. बोलायला फार चांगली. मला खुर्ची दिली, माझं नाव नीट उच्चारायचा प्रयत्न केला. मग विचारलं, "काय त्रास होतोय?"

मी दाराकडं पाहिलं. खरंच पाहिलं.

मग म्हणाले, "डाव्या कानानं थोडं कमी ऐकू येतंय."

"चक्कर वगैरे?"

"थोडी."

"बाकी तब्येत? कॉलेजला जाता येतंय?"

"हो, ठीक आहे. जाते."

मी खोटं बोलले नव्हते. आमच्याकडं रोगी जेवढं बोलतो तेवढं मी बोलले. उरलेला अर्धा भाग सांगायला खोलीत कुणी नव्हतं, आणि तिनं माझा अर्धा तोच पूर्ण धरला. तिनं कानात दिवा लावून पाहिलं. थोडा मळ दिसतोय, सर्दीचं पाणीही मागं साचलं असेल, तेल चालू ठेवा, दोन आठवड्यांनी नाही उतरलं तर या. मी थँक्यू म्हणून उठले. डॉक्टरांशी हुज्जत रोगी घालत नाही. तेही सोबतच्याचंच काम.

भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दोन आठवडे? आन् तू आलीस उठून?"

"मग काय करणार?"

"बसून राह्यचं तिथंच. म्हणायचं, मोठ्या डॉक्टरला चिठ्ठी द्या, तवाच उठते. मी असतो तर बराबर घेतली असती चिठ्ठी."

"इथं तसं चालत नाही, भाऊ."

"सगळीकडं चालतंय. किती ऐकू येतंय?"

"थोडं कमी येतं."

"मंग जाईल उतरून," तो म्हणाला. त्यालाही माझं थोडं कमीच ऐकायचं होतं. सहा-सात हजार किलोमीटरवरून तो दुसरं काय करणार.

दोन आठवडे मी तेल घातलं. वर्गात उजवा कान पुढं करून बसायची. रस्ता ओलांडताना गाडी कुठून येतेय ते कळायचं नाही, आवाज सगळा एकाच बाजूनं यायचा. शेजारच्या खोलीत नायजेरियाची एक बाई राहायची, माझ्याच वर्गातली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, तिकडं शाळेत शिक्षिका असलेली. एक दिवस ती माझ्या डाव्या बाजूनं चालत काहीतरी सांगत होती आणि मी पुढंच निघून गेले. तिनं खांद्याला धरून मला फिरवलं. "माझा राग आलाय की तू बहिरी आहेस?"

मी सांगितलं. तिनं माझ्या डाव्या कानाजवळ तोंड नेलं, काहीतरी बोलली, आणि समोर येऊन विचारलं, "काय म्हणाले मी?"

"माहीत नाही."

"मी ओरडले होते," ती म्हणाली.

त्याच दिवशी ती मला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. दारातून आत जाताना म्हणाली, "तू बोलू नकोस. आमच्याकडं आजारी माणसाला कुणी बोलायला लावत नाही." मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमची तेवढी ओळख नव्हती. खिडकीतल्या माणसानं मला विचारलं, उत्तर तिनं दिलं. तो म्हणाला, पेशंटला बोलू द्या. ती म्हणाली, "पेशंट सभ्य आहे, म्हणून तर गोष्ट इथपर्यंत आली. ती तुम्हाला म्हणेल थोडं. लिहा, काहीच ऐकू येत नाही."

बराच वेळ बसवून ठेवलं. कुणीतरी खाऊन टाकलेल्या चिप्सच्या पिशव्या खुर्चीखाली होत्या. शेवटी कानाचा एक तरुण डॉक्टर आला. त्यानं कान तपासायचा दोन टोकांचा लोखंडी काटा वाजवून माझ्या कपाळावर टेकवला आणि आवाज कोणत्या बाजूला येतो विचारलं. उजव्या, मी म्हणाले. नुसता मळ असता तर डावीकडं आला असता, तो म्हणाला. मग काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली.

मळ नव्हता, पाणी नव्हतं. आतली नस अचानक गेली होती. असं होतं म्हणाला, का होतं ते बहुतेक वेळा कळत नाही. पहिल्या काही दिवसांत गोळ्या सुरू केल्या तर पुष्कळांचं परत येतं. आता देतो, पण उशीर झालाय. पहिल्याच दिवशी एवढं बंद झालं होतं का, असं त्यानं विचारलं. माझी सोबतीण माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणाले.

गोळ्यांनी तोंड सुजलं, झोप गेली. मग कानाच्या पडद्यातून सुया दिल्या. चक्कर थांबली. कान नाही आला.

परीक्षा दिल्या, चांगल्या गुणांनी पास झाले, परत आले. घरी मी थोडंच कमी येतं म्हणत राहिले. माय डावीकडून बोलली की मी कामात असल्याचं दाखवायची. भाऊ मात्र बघत होता. एक दिवस त्यानं कामावर सुट्टी टाकली आणि मला मोटारसायकलवर जालन्याला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं.

मी स्टुलावर बसले. डॉक्टरांनी भावाकडं बघून विचारलं, "काय होतंय हिला?"

"साहेब, हिला डाव्या कानानं बिलकुल ऐकू येत न्हाई," भाऊ म्हणाला.

डॉक्टर हसले. "बिलकुल म्हणजे येत असेल की थोडं."

भाऊही हसला. मागून पुटपुटायची पाळी माझी होती, ती मी सोडून दिली.

तपासणी झाली. डॉक्टर कागद बघत राहिले, मग भावाला म्हणाले, "तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. या कानात काही राहिलेलं नाही. आता औषध देण्यात अर्थ नाही."

भाऊ माझ्याकडं वळला. "म्हंजे खरंच बिलकुल?"

मी हो म्हणून मान हलवली.

"छत्रपती संभाजीनगरला दाखवू का, साहेब? मुंबईला?"

"दाखवा. पण तेच सांगतील."

भावानं चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. तो असं कधी करत नाही. तो माझी पिशवी उचलून बाहेर आला, गाडीला किल्ली लावली आणि परत काढली.

"पहिल्या फोनलाच सांगितलं असतंस तर," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी तरी काय केलं असतं इथून."

मी म्हणाले, "चल, उशीर होतोय."

अंबडपर्यंत तो काही बोलला असेल तर वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. चहाला थांबलो तेव्हा त्यानं माझ्या उजवीकडची खुर्ची घेतली.

"मायला काय सांगायचं?"

"थोडं कमी येतं म्हणून सांग."

"तेच सांगतो," भाऊ म्हणाला, आणि बशीत चहा ओतला.