चालतंय ना, मग हात लावू नगा

कोणी कॉम्प्युटर बदलायचा विषय काढला की आप्पा आधी आपला पालथा हात त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवायचे. पोराच्या अंगात ताप आहे का बघावं तसा, थोडा वेळ. मग म्हणायचे, "चालतंय ना? मग हात लावू नगा." एवढं बोलून ते चहाकडे वळायचे. समोरच्याने मग काहीही विचारलं तरी आप्पांच्या लेखी विषय संपलेला असायचा.

प्रत्येक गल्लीत असा एक माणूस असतो, ज्याला विचारल्याशिवाय लोक साधा माऊससुद्धा विकत घेत नाहीत. नळदुर्गात आमच्या ओळीला हे आप्पा होते. कपाळावर विभूती, खांद्यावर पंचा आणि गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. रस्त्यापलीकडे त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, जावळाच्या पत्रिका, जत्रेची पत्रकं, सगळं तिथंच व्हायचं. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि कॉम्प्युटर अडला की पुन्हा कन्नड, अशी त्यांची वाटणी होती. त्या वेळचं कन्नड त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला कधीच समजावून सांगितलं नाही.

मी त्यांच्याकडे तीन वर्षं टायपिंगला होते. मराठी टाइप करायला मला त्यांनीच शिकवलं. पुढे मी समोरच ऑनलाइन फॉर्म भरायचं स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा लोकांना वाटलं आता हे दोघं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. उलट आप्पाच माझ्याबरोबर सोलापूरला आले. कॉम्प्युटर त्यांनी निवडला आणि विंडोजही त्यांनीच टाकून दिलं. त्यांच्याकडे मराठी पत्रिका करायचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. ते चालायला कॉम्प्युटरच्या मागं अंगठ्याएवढं एक लॉक लावावं लागायचं, नाहीतर उघडायचंच नाही. आप्पांकडे अशी दोन लॉकं होती. त्यातलं एक त्यांनी माझ्या कॉम्प्युटरला लावलं आणि म्हणाले, "हा माझा आहेर समजा, ताई." मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

त्यांनी आयुष्यात एकही पत्रिका पुसली नव्हती. फाइलला ते नवरानवरीचं नाव देत नसत. नावं काय, सारखीच असतात म्हणायचे. त्या लग्नात जे घडलं असेल ते नाव. एकदा अणदूरचा एक माणूस धाकट्या भावाची पत्रिका करायला आला आणि म्हणाला, थोरल्याची होती अगदी तशीच पाहिजे. मधे नऊ वर्षं गेलेली. आप्पांनी चष्मा लावला आणि विचारलं, "तुमच्यात मामा रुसले होते, तेच ना?" माणूस ओशाळून हो म्हणाला. आप्पांनी ‘मामा रुसले’ नावाची फाइल उघडली, आणि पत्रिका समोर हजर. आजूबाजूच्या चाळीस गावांतले रुसवेफुगवे त्या कॉम्प्युटरात नीट लावून ठेवलेले होते.

नव्या विंडोजचा त्यांना मनापासून राग होता. दुकान बंद करताना ते इंटरनेटची वायर काढून पंच्यात गुंडाळून घरी न्यायचे. आपल्या माघारी काही उतरायला नको म्हणून. एकदा मला म्हणाले, हे अपडेट म्हणजे असला पाहुणा, जो आल्या आल्या म्हणणार चूल इथं नको, तिथं मांडा.

माझ्याकडे मात्र कुरकुर सुरू झाली होती. कॉम्प्युटर चालू केला की, तुमचं विंडोज जुनं झालं, असा निरोप पडद्यावर यायचा. सरकारी साइट उघडायला वेळ लावायच्या, काही तर तुमचा ब्राउझर जुना आहे म्हणून दारातूनच परत पाठवायच्या. घरी नवरा म्हणायचा, बदलून टाक एकदाचं. मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा रस्ता ओलांडून आप्पांना विचारायला गेले. तिन्ही वेळा त्यांनी मला सांगितलं की नवीन टाकलं की लॉक चालत नाही, सॉफ्टवेअर मरतं, मराठीत केलेलं सगळं काम जातं. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, आप्पा, साइटच उघडत नाहीत हो. तर म्हणाले, "माझंच बगा की. म्या बदललं का?"

त्या एका वाक्यावर मी निवांत झाले. आप्पांनी बदललं नाही म्हणजे बदलायची गरज नाही, असा माझा सरळ हिशोब होता.

दर गुरुवारी दुपारी ते पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे यायचे. कधी त्यांचा प्रिंटर अडलेला असायचा, कधी लाइट गेलेली असायची. रस्त्याच्या त्या बाजूची लाइट तेवढी कशी जाते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्या खुर्चीवर बसून ते जुन्या पत्रिका उघडायचे, तारीख-तिथी बदलायचे. काही फाइली माझ्याच कॉम्प्युटरवर ठेवून जायचे. राहू द्या म्हणायचे. मी चहा करायचे. माझे वडील लवकर गेले. गुरुवारची ती दुपार मला बरी वाटायची.

आता कॉलेजचं सांगते. इथल्या एका कॉलेजच्या शिष्यवृत्तीचे सगळे फॉर्म दरवर्षी माझ्याकडे यायचे. दिवाळीनंतरचे दोन महिने माझ्या बाकावर पोरींची रांग असायची, आणि माझं दुकान वर्षभर उभं राहायचं ते त्या कामावर. त्या वर्षी शिष्यवृत्तीची साइट नवी झाली आणि माझ्या कॉम्प्युटरवर ती उघडेचना. मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, नवी साइट हाय, त्यांचंच काही तरी बिघडलंय, आठ दिवसांत बसतंय जाग्यावर. मी कॉलेजच्या क्लार्कना तेच सांगितलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. त्यांच्या लेखी साइट बाकी सगळीकडे चालत होती.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी अकरा पोरी बाकावर बसलेल्या, दुपार उलटून गेलेली, आणि माझ्या पडद्यावर पांढरं पान. मी कागदांचा गठ्ठा उचलला आणि पोरींना घेऊन रस्ता ओलांडला. माझी वायर बिघडली असेल, आप्पांच्या वायरवर बघू, एवढंच डोक्यात होतं. आप्पा कागद आणायला सोलापूरला गेले होते. काकूंनी दार उघडून दिलं, घरात ठेवलेली वायरही आणून दिली. मी त्यांच्या खुर्चीवर बसले, बटण दाबलं, आणि समोर नवं विंडोज उघडलं.

साइट पहिल्या झटक्यात लागली. अकरा फॉर्म तासाभरात भरून झाले. पोरी हसत बाहेर पडल्या. काकू पाणी घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, हे कधी बदललं?

"दोन वर्सं झाली की," काकू म्हणाल्या. "ल्योक पुण्याहून आल्ता, त्यानं घातलं. रंगीत छपाईचे सोलापूरवाले जुन्यातलं काम घेईनात ना. ह्ये आधी नगंच म्हणत होते. मग म्हणले, जुनं उघडायचं असलं तर समोर ताईंचं हायच."

त्या अगदी सहज बोलत होत्या. मला हे ठाऊक नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी पाणी प्यायले आणि उठले.

फसवणूक झाली की माणूस आधी स्वतःलाच वेड्यात काढतो, तुम्हीही काढलं असेल. मी सगळे गुरुवार एकेक करून आठवले. अडलेला प्रिंटर आठवला, गेलेली लाइट आठवली. आहेर आठवला तेव्हा मात्र फार लागलं. तो दिला तेव्हा तो आहेरच होता का, हे मला आजही सांगता येत नाही.

चार दिवसांनी कॉलेजमधून निरोप आला की पुढच्या वर्षापासून फॉर्मचं काम दुसऱ्या केंद्राला दिलं आहे. ऐन वेळी धावपळ नको, एवढंच क्लार्क म्हणाले. चांगल्या शब्दांत म्हणाले.

त्यानंतरच्या गुरुवारी आप्पा आले. काकूंनी त्यांना सांगितलं असणार, कारण पेन ड्राइव्ह खिशातच होता आणि ते उभेच राहिले. मी म्हणाले, कॉलेजचं काम गेलं, आप्पा. त्यांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा लावला.

"तुमचं बदललं असतं तर माझं समदं गेलं असतं, ताई."

"आणि माझं गेलं त्याचं काय?"

"तुमचं काम रोज नवं असतंय. माझं हाय ते समदं मागचंच हाय."

"मग तसं सांगायचं होतं. तुमच्यासाठी म्हणून मी जुनं ठेवलं असतं."

"आन तुमी न्हाय म्हणला असता तर?"

मी नाही म्हणाले नसते. हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. मी त्यांना म्हणाले, आता गुरुवारी येऊ नका. ते बरं म्हणाले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात मी सोलापूरहून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने मशीन उघडून बघितलं आणि सहज विचारलं, मॅडम, जुनं पण बाजूला ठेवू का? एका मशीनवर दोन्ही राहतात. नवीन कामाला नवीन, जुन्याला जुनं, आणि तुमचं ते लॉकपण चालेल.

मी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली. दोन्ही राहतात. म्हणजे आप्पांना दोन वर्षं लपवाछपवी करायची काही गरज नव्हती, आणि माझं कामही गेलं नसतं. आमच्या ओळीत सगळे आप्पांना विचारायचे, पण आप्पांनी बाहेर कोणाला विचारलं नव्हतं. कॉम्प्युटरवाल्याने आता फक्त एक बटण दाबायचं होतं. मी म्हणाले, "नको. सगळं पुसा."

माझे स्वतःचेही कितीतरी अर्ज त्यात होते, तेही गेले. मला त्याचं काही वाटलं नाही. मला आप्पांचे मामा, आप्पांच्या वराती, आप्पांची चाळीस गावं त्यातून गेलेली बघायची होती. अर्धा तास मी तिथंच बसून होते.

मग अणदूरचा देव दरवर्षी मुक्कामाला आमच्याकडे नळदुर्गला येतो, ते दिवस आले. जत्रेचं पत्रक दरवर्षी आप्पा करायचे, मागच्या वर्षीचं उघडून तिथी बदलून. ते माझ्या पायरीवर आले, पण आत आले नाहीत. नवा पडदा त्यांना तिथूनच दिसला.

"केलं व्हय?"

"केलं."

"काई ऱ्हायलं का त्यात?"

"नाही."

ते म्हणाले, बरं झालं, तुमचं काम नीट हुईल आता. आणि पेन ड्राइव्ह मुठीत धरून रस्ता ओलांडून गेले. मागचं उघडायला आता जागाच नव्हती, म्हणून त्या वर्षीचं पत्रक त्यांनी नव्याने, एकेक अक्षर शोधत टाइप केलं. त्यात चार चुका होत्या. आप्पांच्या पत्रकात लोकांनी कधी चूक बघितली नव्हती, त्यामुळे ओळीतला जो तो पत्रक हातात घेऊन बोलत होता. मी कोणाला काही बोलले नाही. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण राग जास्त होता आणि तो मी जपून ठेवला होता.

वर्षभरात आप्पांनी छापखाना मोडला. मग ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि पुढे तिथंच वारले. इथं बातमी आली तेव्हा ओळीतल्या सगळ्यांनी दुपारपर्यंत दुकानं बंद ठेवली. मीही ठेवलं.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले होते. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. इस्त्रीचा सदरा घालून ते आत आले आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर, टोकाला बसले. उद्या निघतो म्हणाले. मी मान वर न करता हं म्हणाले आणि टाइप करत राहिले. ते बराच वेळ बसले. चहा मी विचारला नाही. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "काम लई दिसतंय तुमाला. करा, करा."

त्यांची पावलं रस्त्यापलीकडे पोचेपर्यंत माझी बोटं चालूच होती. पडद्यावर कोणाचाही फॉर्म नव्हता. कॉलेजचं काम गेल्यापासून दिवाळीनंतरच्या त्या दोन महिन्यांत माझ्याकडे कोणी येत नाही, आणि हे आप्पांना माहीत होतं.